आपदा मित्राची पिशवी आणि तिच्यामागचे अनुदान: एक परीक्षण

गेल्या मे महिन्यात आमच्या गावच्या बचाव गटातील अकरा जणांच्या पिशव्या देवळाच्या ओसरीवर ओळीने उघडून ठेवल्या, तेव्हा दोन पिशव्यांत उंदरांनी घर केलेले आढळले, चार विजेऱ्या चार्ज होत नव्हत्या आणि गमबुटांची एक जोडी मालकाच्या धाकट्या भावाने उसाला पाणी पाजताना झिजवून टाकली होती. या पिशव्या केंद्र शासनाच्या ‘आपदा मित्र’ योजनेतून प्रशिक्षण घेतलेल्या स्वयंसेवकांना मिळालेल्या आहेत. मी स्वतः स्वयंसेवक नाही. जिल्हा परिषदेच्या लेखा शाखेत नोकरी करून निवृत्त झालो आणि गावात परतल्यावर या गटाचे हिशेब लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. त्यामुळे पिशवीतील वस्तूंइतकेच त्या वस्तू ज्या अनुदानातून येतात त्याचे नियमही मी वाचले आहेत, आणि पुढील परीक्षण या दोहोंचे एकत्र आहे, कारण पिशवीचे गुण आणि दोष मला तरी त्या नियमांतूनच उतरलेले दिसतात.

आमचे गाव कृष्णेच्या काठावर आहे. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट धरली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये तेथे पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले होते. त्याच पुरात ८ ऑगस्ट रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे क्षमतेहून अधिक माणसे घेऊन निघालेली बोट उलटली. त्या दिवसानंतर या पट्ट्यात लाइफ जॅकेट कशाला हवे, असे कोणी विचारत नाही.

योजना थोडक्यात अशी. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ मध्ये २५ राज्यांतील ३० पूरप्रवण जिल्ह्यांत, जिल्ह्यामागे २०० याप्रमाणे ६,००० स्वयंसेवक तयार करण्याचा प्रायोगिक उपक्रम हाती घेतला. पुढे तो ३५० जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवकांपर्यंत वाढवण्यात आला आणि त्यासाठी ३६९.४० कोटी रुपयांचा आराखडा ठरला. स्वयंसेवकाला बारा दिवसांचे प्रशिक्षण, अंगावर बाळगण्याची साधनांची पिशवी आणि ठरावीक मुदतीचा विमा मिळतो, तर मोठी साधने जिल्हा पातळीवरील राखीव साठ्यात ठेवली जातात. कागदावर ही रचना चांगली आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. आपत्तीच्या पहिल्या काही तासांत पथक नव्हे तर शेजारी धावून येतो, ही गोष्ट शासनाने या योजनेत गृहीत धरली आहे आणि त्या शेजाऱ्याला रिकाम्या हाताने पाठवायचे नाही, असे ठरवले आहे.

आता पिशवीकडे वळतो. तिच्यातील सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे लाइफ जॅकेट. आम्हाला मिळालेली जॅकेटे फोमची आहेत, शिवण भक्कम आहे आणि पट्टे पुरेसे लांब आहेत. परंतु जांघेतून जाणारा पट्टा नसल्याने सडपातळ मुलाच्या अंगात ते पाण्यात वर सरकून हनुवटीला लागते. येथे एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. तरंगत ठेवण्याची ताकद न्यूटनमध्ये मोजतात; ५० न्यूटनचे साधन पोहता येणाऱ्या आणि शुद्धीवर असलेल्या माणसाला आधार देण्यापुरते असते, तर १०० न्यूटन किंवा त्याहून अधिक ताकदीचे जॅकेट बेशुद्ध माणसाचे तोंड पाण्याबाहेर ठेवील, अशा हेतूने बनवलेले असते. खरेदीच्या कागदात हा आकडा लिहिलेला नसेल तर पुरवठादार स्वाभाविकपणे स्वस्त ते देतो आणि दोन्ही वस्तूंची नोंद ‘लाइफ जॅकेट, नग १’ अशीच होते. फोमवर ऊन आणि ओझे या दोहोंचा परिणाम होतो. उन्हात वाळत घातलेले किंवा धान्याच्या पोत्याखाली दडपलेले जॅकेट बाहेरून धड दिसत असले तरी त्याची ताकद घटलेली असते. आम्ही ती तपासण्यासाठी किराणा दुकानातील लोखंडी मापे जॅकेटाला बांधून विहिरीत सोडली. लोखंड पाण्यात साधारण आठव्या हिश्शाने हलके भरते, तेव्हा दहा किलोच्या मापाने जॅकेटावर सुमारे ८५ न्यूटनचा भार येतो. अकरापैकी आठ जॅकेटांनी ते माप तोलून धरले, तीन जॅकेटे मापासह खाली गेली, आणि त्या तिघांपैकी एक पिशवी उघडेपर्यंत न वापरलेली, कोरी होती.

गमबूट आणि शिरस्त्राण यांविषयी माझे मत प्रतिकूल आहे, किंबहुना गटातील प्रत्येक पोहणाऱ्याचे ते आहे. पूर ओसरल्यावर गाळ काढताना, सापाच्या भीतीने किंवा पडक्या घरात शिरताना गमबूट उत्तम. परंतु वाहत्या पाण्यात ते भरतात आणि पाय उचलू देत नाहीत. कारखान्यात वापरतात तसे बंद शिरस्त्राण प्रवाहात पाणी धरते आणि हनुवटीखालच्या पट्ट्याने मान मागे ओढते. पाण्यातील बचावासाठी भोके असलेली, पाणी निथळून जाईल अशी शिरस्त्राणे वेगळी मिळतात. एकच पिशवी भूकंप, दरड, आग आणि पूर अशा सर्वांसाठी देशभर सारखी देण्याचे ठरवले की असे होणारच. मला हवी होती ती फेकदोराची थैली, म्हणजे तरंगणारा दोर भरलेली आणि काठावरून बुडणाऱ्याकडे फेकता येणारी पिशवी, आमच्यापैकी कोणाकडेच नव्हती. शिट्टी, हातमोजे, चाकू, पाण्याची बाटली आणि मच्छरदाणी यांविषयी तक्रार नाही. प्रथमोपचाराची पेटी नीटनेटकी आहे, मात्र तिच्यातील मलमांची मुदत संपते आणि ती पुन्हा भरण्याची सोय नाही. हीच अडचण विजेरीच्या बॅटरीची आहे, आणि तिच्याविषयी सविस्तर पुढे लिहितो.

बारा दिवसांच्या प्रशिक्षणाविषयी गटातील मुले आजही आदराने बोलतात. हृदय बंद पडल्यास छातीवर दाब कसा द्यायचा, रिकामे कॅन आणि बांबू बांधून तराफा कसा करायचा, जखमीला मान न हलवता कसे उचलायचे, हे त्यांना करून दाखवता येते, नुसते सांगता येत नाही, आणि ही प्रशिक्षकांची कमाई आहे. अडचण बारा दिवसांचीच होती. रोजंदारीवर जाणाऱ्या, नदी अंगवळणी पडलेल्या माणसाला सलग बारा दिवस मोकळे होता आले नाही. जे गेले त्यांत महाविद्यालयात शिकणारी मुले अधिक होती. त्यांपैकी चौघे आज पुण्यात आणि चाकणला नोकरीला आहेत. त्यांच्या पिशव्या गावात आहेत आणि ते गावात नाहीत.

येथे पैशांचा साधा भागाकार करून पाहावा. ३६९.४० कोटींना एक लाखाने भागले तर स्वयंसेवकामागे सुमारे ३६,९४० रुपये येतात. ही रक्कम केवळ पिशवीची नाही. तिच्यात प्रशिक्षण, विमा, जिल्ह्याचा राखीव साठा आणि व्यवस्थापन हे सारे आहे. त्यानंतर आलेल्या ‘युवा आपदा मित्र’ योजनेत ३१५ जिल्ह्यांतील २,३७,३२६ युवकांसाठी ४७०.५० कोटी रुपये ठेवलेले आहेत. हे युवक राष्ट्रीय छात्रसेना, राष्ट्रीय सेवा योजना, नेहरू युवा केंद्र संघटना आणि भारत स्काउट्स अँड गाइड्स यांच्यातून घ्यायचे आहेत आणि आधीच्या योजनेतील १,३०० प्रशिक्षित स्वयंसेवकांना प्रशिक्षक म्हणून तयार करायचे आहे. येथे माणशी खर्च वीस हजारांच्या किंचित खाली येतो आणि प्रशिक्षण सात दिवसांचे आहे. संख्या दुपटीहून अधिक वाढली, माणशी पैसा जवळपास निम्मा झाला. पूर्वीच्या स्वयंसेवकांना प्रशिक्षक करण्याची तरतूद मला शहाणपणाची वाटते, परंतु आमच्या अनुभवाने मी घाबरतो तो वेगळ्याच गोष्टीला: विद्यार्थी हा गावातील सर्वांत लवकर स्थलांतर करणारा माणूस आहे, आणि योजना आता सर्वस्वी त्याच्यावर उभी आहे.

आता नियमांकडे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी राज्यांच्या आपत्ती जोखीम व्यवस्थापन निधीकरिता १,६०,१५३ कोटी रुपये सुचवले आणि त्याचे कप्पे पाडून दिले: ४० टक्के प्रतिसाद आणि मदतीसाठी, ३० टक्के पुनर्उभारणीसाठी, १० टक्के सज्जता आणि क्षमताबांधणीसाठी, आणि उरलेले २० टक्के सौम्यीकरणासाठी, म्हणजे आपत्तीची हानी आधीच कमी करण्याच्या कामांसाठी. महाराष्ट्रासारख्या राज्यात केंद्राचा वाटा ७५ आणि राज्याचा २५ टक्के असतो. या वाटणीचे मी मनापासून स्वागत केले होते. त्यापूर्वीच्या, म्हणजे २०१५ ते २०२० च्या निकषांत शोध व बचावाची साधने आणि संपर्कयंत्रणा यांवर राज्य प्रतिसाद निधीच्या वार्षिक रकमेच्या १० टक्क्यांपर्यंत आणि क्षमताबांधणीवर ५ टक्क्यांपर्यंत खर्च करता येत असे. ती ‘याहून अधिक नको’ अशी मर्यादा होती. पुराचे पंचनामे आणि पिकांची मदत यांच्या रेट्यात अशा मर्यादेखालची रक्कम पहिल्यांदा गिळली जाते, हे लेखा शाखेत बसलेल्या कोणालाही ठाऊक आहे. वेगळा कप्पा केल्यामुळे सज्जतेचा पैसा निदान दिसू लागला. सर्व राज्यांचा मिळून तो पाच वर्षांत सुमारे १६,००० कोटी होतो. वर उल्लेखिलेल्या दोन्ही योजनांची बेरीज त्याच्यापुढे लहान आहे, तेव्हा पैसा नाही ही सबब पुढे करण्यात अर्थ नाही.

राज्य प्रतिसाद निधीच्या निकषांतील एक अर्धी ओळ मला सर्वांत चांगली वाटते आणि ती फारच थोड्या स्वयंसेवकांना माहीत आहे. आपत्तीत मृत्यू पावलेल्याच्या वारसांना चार लाख रुपयांचे साहाय्य मिळते, हे सर्वांना ठाऊक असते; परंतु त्या तरतुदीत मदतकार्यात सहभागी असलेल्या आणि सज्जतेच्या कामाशी संबंधित असलेल्या व्यक्तींचाही समावेश स्पष्टपणे केलेला आहे, मात्र योग्य प्राधिकाऱ्याने मृत्यूचे कारण प्रमाणित केले पाहिजे. म्हणजे रंगीत तालमीत बोट उलटून कोणी दगावला, तर तो ‘खऱ्या’ आपत्तीत मेला नाही म्हणून त्याच्या घरच्यांना परत पाठवण्याचे कारण नाही. त्यासाठी तालीम अधिकृत आदेशाने झाली, तिच्यात कोण कोण होते आणि कोणाला कोणते काम दिले होते, याचा कागद असला पाहिजे. विम्याची मुदत संपलेल्या आमच्या मुलांच्या दृष्टीने ही ओळ मोठी आहे, आणि म्हणूनच तोंडी आदेशावर पाण्यात उतरू नका, असे मी त्यांना वारंवार सांगतो.

खरेदीच्या नियमांत एक जुनी विसंगती कायम आहे. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ च्या कलम ५० नुसार आपत्ती कोसळली किंवा कोसळण्याच्या बेतात असली आणि बचाव वा मदतीसाठी साहित्य तत्काळ हवे असले, तर निविदांची नेहमीची पद्धत माफ झाल्याचे मानले जाते आणि नियंत्रक अधिकाऱ्याचे विनियोगाचे प्रमाणपत्र हिशेबाला पुरेसे ठरते. तरतूद रास्त आहे, परंतु ती तालमीला किंवा पूर्वतयारीच्या खरेदीला लागू होत नाही. निवांत हिवाळ्यात, जेव्हा चांगला माल पारखून घेता येतो, तेव्हा सर्व मान्यता, जेम पोर्टल (शासकीय खरेदीचे संकेतस्थळ) आणि सर्वांत कमी दर यांच्या फेऱ्या पूर्ण कराव्या लागतात. आणि नदी पात्राबाहेर आली की कोणत्याही दराने घेण्याची मुभा मिळते, पण तेव्हा बाजारात जॅकेट शिल्लक नसते. कमी दराच्या निविदेला माझा विरोध नाही. तीस वर्षे मी त्याच दराचे तक्ते तपासले आहेत. दोष निविदेपूर्वीच्या तांत्रिक वर्णनाचा असतो. न्यूटनचा आकडा, जांघेचा पट्टा आणि शिरस्त्राणाची भोके तेथे लिहिली तरच स्वस्तात चांगले येते.

आणि आता विजेरीची बॅटरी. अनुदानाच्या साऱ्या नियमांचा स्वभाव असा आहे की ते वस्तू घेईपर्यंत सोबत करतात आणि वस्तू आली की निरोप घेतात. अनावर्ती, म्हणजे एकदाच मिळणाऱ्या, अनुदानाचे उपयोगिता प्रमाणपत्र आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांत द्यावे लागते, आणि ते ‘इतके नग खरेदी झाले, इतके वाटप झाले’ एवढ्यावर पूर्ण होते. तिसऱ्या वर्षी त्या नगांपैकी किती चालू आहेत, हे विचारणारा रकाना त्या नमुन्यात नाही. दोनशे रुपयांची बॅटरी बदलायची तर ती नवी खरेदीही नाही आणि अनुदानित बाबही नाही. मोडके जॅकेट फेकून द्यावे तर शासकीय अनुदानातून घेतलेल्या मालमत्तेची विल्हेवाट परवानगीवाचून लावता येत नाही; निर्लेखनाचा, म्हणजे वस्तू नोंदीतून काढून टाकण्याचा, प्रस्ताव करावा लागतो, आणि वस्तू जडवस्तू नोंदवहीत न चढता थेट व्यक्तीच्या नावे वाटली गेली असेल तर प्रस्ताव कोणी करावा, यावर एका कार्यालयाने आम्हाला दुसऱ्याकडे आणि दुसऱ्याने पहिल्याकडे पाठवले. पिशवी माणसाला दिली की गावाला, हा प्रश्न योजनेने मोकळाच ठेवला आहे. पुण्याला गेलेल्या चौघांच्या पिशव्या मी एका ओळीच्या पोचपावतीवर ग्रामपंचायतीच्या कपाटात घेतल्या आणि दुसऱ्या चौघांना वापरायला दिल्या. हे नियमात बसते की नाही याचे उत्तर मला इतक्या वर्षांच्या अनुभवावरूनही देता येत नाही, पण पूर आलाच तर आक्षेपाला उत्तर देणे सोपे आहे.

देखभालीच्या खर्चाची एक वाट मात्र जवळच सापडली. पंधराव्या वित्त आयोगाचे ग्रामपंचायतींना मिळणारे अनुदान २०२१-२२ ते २०२५-२६ या वर्षांत ६० टक्के बंधित आणि ४० टक्के अबंधित होते. बंधित भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी, तर अबंधित भाग पगार आणि आस्थापना सोडून गावाच्या निकडीच्या गरजांसाठी. गावाच्या विकास आराखड्यात बचाव साहित्याची बाब आधी लिहिलेली असेल तर बॅटऱ्या, दोर आणि मलमे या भागातून घेता येत होती. आराखड्यात ती बाब घालायला ग्रामसभेत हात वर करावा लागतो, आणि ग्रामसभा पावसाळ्यात नव्हे तर त्याआधी गाठावी लागते. ज्या गावांत गटर आणि पथदिवे यांच्या यादीत जॅकेट कधी आलेच नाही, तेथे दोष केंद्राच्या नियमांचा नाही.

राहिला भाग तालमींचा. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची पद्धत नीट आखलेली आहे: आधी सर्व खात्यांची समन्वय बैठक, मग टेबलावर नकाशा ठेवून प्रसंगाची चर्चा, मग प्रत्यक्ष मैदानात तालीम आणि लगेच त्याच दिवशी चुकांचा आढावा. टेबलावरची चर्चा मला या क्रमातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी पायरी वाटते, कारण कोणत्या खात्याकडे बोट आहे आणि कोणाकडे बोटीची किल्ली, हे तेथेच उघडे पडते. प्रत्यक्षात अनुदान उशिरा पोहोचते, मार्च अखेर जवळ येते, आणि रंगीत तालीम अशा दिवसांत होते की नदीत गुडघाभर पाणी असते. मी पाहिलेल्या एका तालमीच्या देयकांत मंडप, ध्वनिक्षेपक, चहा-नाश्ता आणि चित्रीकरण यांची बिले होती. बोटीच्या इंधनाचे बिल शोधून सापडले नाही, कारण बोट पाण्यात उतरलीच नव्हती, ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ठेवून तिच्यापुढे छायाचित्र काढण्यात आले होते. आढाव्याच्या कागदावर ‘सर्व यंत्रणा सज्ज असल्याचे दिसून आले’ असे एकच वाक्य होते. ज्या तालमीत एकही चूक सापडत नाही तिचा खर्च लेखापरीक्षणात वसूलपात्र धरावा, असे मला निवृत्तीनंतर वाटू लागले आहे. ७ मे २०२५ रोजी देशातील २४४ नागरी संरक्षण जिल्ह्यांत एकाच दिवशी तालीम झाली आणि दोनच दिवसांनी गृह मंत्रालयाने राज्यांना १९६८ च्या नागरी संरक्षण कायदा आणि नियमांतील कलम ११ नुसार तातडीच्या खरेदीचे अधिकार वापरण्यास सांगितले. तालमीत उणीव दिसावी आणि तिच्या पाठोपाठ खरेदीची वाट मोकळी व्हावी, हा क्रम मला योग्य वाटतो, जरी तेथे निमित्त युद्धाचे होते.

आमच्या गटाने जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, नदी इशारा पातळीच्या बरीच खाली पण गढूळ आणि वेगात असताना, स्वतःची तालीम घेतली. तहसील कार्यालयाला आधी पत्र दिले, सहभागींची यादी जोडली आणि पोच घेतली. मंडप नव्हता. बोटीची मोटर सुरू व्हायला बावीस मिनिटे लागली, कारण मागच्या वर्षीचे तेलमिश्रित पेट्रोल टाकीतच राहून कार्बुरेटर चिकटला होता. काठावरून फेकलेला दोर तिन्ही वेळा अपुरा पडला. आणि गमबूट घातलेल्या एकाला कमरेएवढ्या पाण्यातून दोघांनी धरून बाहेर काढावे लागले. हे सारे मी नोंदवहीत वेळेसह लिहिले. कार्बुरेटर तिसऱ्या दिवशी साफ झाला. त्याचे ६५० रुपये वर्गणीतून दिले, कारण ते कोणत्याच लेखाशीर्षात बसत नव्हते.